हवेतली बादली

हेर्नोसांद, १५ जानेवारी २०१९

अल्वार,

'प्रिय' लिहिलेलं नाही. एकोणीस वर्षं ज्याच्याशी एक शब्द बोलले नाही, त्याला एकदम प्रिय म्हटलं तर तुला वाटेल म्हातारी मरायला टेकली. टेकलेली नाही. रक्तदाब जरा जास्त आहे, एवढंच.

लिहायचं कारण असं की मला हसायचंय, आणि सोबत हसायला इथे कुणी नाही. लहानपणी तू पाद्रीबाबांची नक्कल करायचास आणि मी टेबलाखाली लोळायचे, आठवतं? तसलं काहीतरी हाती लागलंय.

इथल्या आरोग्यकेंद्रात नवा डॉक्टर आलाय. अजून मिसरूड नीट फुटलेलं नाही. त्याने मला गोळ्या दिल्या नाहीत. चिठ्ठीवर लिहिलं: चित्रकला, आठवड्यातून एकदा, वसंत संपेपर्यंत. "सदतीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या बाईला तू चित्रकला लिहून देतोस?" मी विचारलं. तर म्हणतो, "ती नोकरी होती. ही स्वतःच्या आनंदासाठी." आनंदासाठी! म्हणजे आता आनंदसुद्धा जेवणानंतर एक घ्यायचा.

तर दर मंगळवारी दुपारी दोनला मी जुन्या शाळेच्या तळघरात जाते. तिथे 'अभ्यासमंडळ' भरतं. नाव मोठं, लक्षण खोटं. माणसं किती? माझ्यासकट तीन. हजेरीपटावर तीनपेक्षा कमी नावं झाली की संस्था मंडळ बंद करते. ख्रिसमसच्या आधी एक बाई मुलीकडे मालमोला राहायला गेली, आणि तेव्हापासून उरलेली दोघं तिसऱ्याची वाट बघत देव पाण्यात घालून बसली होती. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांचे चेहरे बघायला हवे होतेस.

प्रमुख आहे मायकेन. चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, आणि आजही अशी बोलते की पुढच्या क्षणाला आपल्याला तोंड उघडायला सांगेल. चित्रकला कुठे शिकली? कुठेच नाही. ती फक्त कांदे काढते. कापलेले, न कापलेले, मोड आलेले.

"आपल्याकडे एकच नियम आहे हं हिल्लेवी," ती म्हणाली. "शेवटी सगळी चित्रं खिडकीत लावायची, बघायची, आणि नुसतं धन्यवाद म्हणायचं. छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही."

"आणि चुकलं असेल तर?"

"चुकत नाही गं इथं कुणाचं."

"मग बरोबर तरी कुणाचं येणार?"

"कॉफीत दूध घेतेस का?" मायकेन म्हणाली.

दुसरा हेल्मर. एक्याऐंशी वर्षांचा, लगद्याच्या कारखान्यात जन्म गेला, बायको दोन वर्षांपूर्वी वारली. आधी बाह्या वर करतो, मग जीभ बाहेर काढतो, मग रंगवायला बसतो. पहिल्याच दिवशी त्याचं चित्र बघून माझ्या तोंडून जे निघणार होतं ते मी दालचिनीच्या पावाबरोबर गिळलं. पाव बरा होता.

मी काय केलं विचारशील. काही नाही. राखाडी रंगाचे चौकोन भरत बसले. वेळ काढायला.

उत्तराची अपेक्षा नाही. पाठवलंस तर वाचीन.

हिल्लेवी


हेर्नोसांद, १३ फेब्रुवारी

अल्वार,

उत्तर आलं नाही. ठीक. मी पेटी रोज उघडते ती वर्तमानपत्रासाठी.

आज मला हेल्मरच्या चित्राबद्दल सांगायचंय, कारण काल मी त्या मंडळात पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं केलं.

हा माणूस दर मंगळवारी लाकडी फळीवर एकच चित्र काढतो. होडी ठेवायची लाल शेड, पुढे लाकडी धक्का, मागे समुद्र, आणि मधोमध एक निळी बादली. बस. माणूस नाही, पक्षी नाही. घरी अशा सत्तावीस फळ्या आहेत म्हणे, हे तो अभिमानाने सांगतो. सत्तावीस वेळा काढूनही बादली जमिनीला टेकवता आलेली नाही! धक्क्याच्या वर दीड वीत लोंबकळते. सावलीचा पत्ता नाही. आणि कडी ताठ उभी. अरे, ठेवलेल्या बादलीची कडी बाजूला पडते हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हा बापडा ते चित्र खिडकीत लावतो, दोन पावलं मागे सरतो, आणि त्याचे डोळे असे निवतात की बघणाऱ्याला लाज वाटावी. मायकेन म्हणते "धन्यवाद, हेल्मर." तो म्हणतो "धन्यवाद, मायकेन." कांदा आणि बादली एकमेकांना धन्यवाद देतात, आणि याला आरोग्य म्हणायचं.

काल कॉफी करायची पाळी हेल्मरची होती. मायकेन हजेरीपट आणायला वर गेली होती. मी एकटी, आणि समोर ती लोंबकळणारी बादली. मला राहवलं नाही. पाच मिनिटं लागली. तोंडाचा लंबगोल सरळ केला, कडी उजवीकडे पाडली, बादली खाली आणली आणि तिच्याखाली जांभळट सावली दिली. समुद्राकडच्या बाजूला जरा उजेड. झालं. माझा हात हल्ली थरथरतो. त्या पाच मिनिटांत थरथरला नाही. खरं सांगायचं तर इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. डॉक्टरला सांगायला हवं, औषध लागू पडलं म्हणून.

हेल्मर तबक घेऊन आला. चित्राकडे बघत उभा राहिला.

"बसली," तो म्हणाला. "खाली बसली की ती."

"बसायलाच हवी. बादलीला वजन असतं."

"असतं," तो म्हणाला. "भरलेली असली की फारच असतं." मग त्याने कॉफी ओतली. पहिला कप मला दिला.

मायकेन खाली आली, तिची नजर चित्रावरून माझ्या ब्रशावर आली. "हे कुणी केलं?"

"मास्तरीणबाईंनी मदत केली," हेल्मर म्हणाला.

बघ, मदत हा त्याचा शब्द आहे. माझा नाही. ज्याला कळतं त्याने न कळणाऱ्याला सांगू नये तर काय करावं? गप्प बसून कांद्यांना धन्यवाद द्यावेत?

हिल्लेवी


हेर्नोसांद, ६ मार्च

अल्वार,

काल सेमला खायचा मंगळवार होता. मायकेनने तीन आणले होते, मलईने ओसंडणारे गोड पाव. दोनच खाल्ले गेले. तिसरा ताटलीत राहिला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

हेल्मर आलेला नाही. सलग तीन मंगळवार.

पहिल्या वेळी मला वाटलं सर्दी असेल. दुसऱ्या वेळी मायकेनने फोन केला, तो म्हणाला, तब्येत उत्तम आहे, रंग वाळलेत. काल ती माझ्यावर घसरलीच.

"एक नियम होता गं आपला. एक! तोही तुला पाळता आला नाही?"

"मी काही बोलले नव्हते. नियम बोलण्यापुरता आहे."

"हे बघ, ही शाळामास्तरकी माझ्याशी नको. तो माणूस मंगळवारसाठी दाढी करायचा. बाकी दिवस करत नव्हता."

"मग बुधवारी करेल."

हे मी म्हणाले. का म्हणाले देव जाणे. मायकेन उठली. तिने तिसरा सेमला कागदात गुंडाळला आणि पिशवीत टाकला, आणि सांगितलं की इस्टरपर्यंत तीन सह्या होत नसतील तर तळघराची किल्ली परत द्यायची आहे. मी म्हणाले, हेल्मरला माझा राग असेल तर मीच येत नाही, मग तो येईल. "आणि मग किती उरतो?" तिने विचारलं. "दोन. तू गेलीस तरी दोन, तो गेला तरी दोन. गणित येतं ना तुला?"

तर असा तिढा आहे. हसायचं असलं तर हास.

मला कळत नाही, माणसं इतकी हळवी का असतात. तूही तसलाच. होय, मी तो विषय काढतेय. सेहेचाळीस वर्षं झाली, आता काढायला हरकत नाही. तू सक्तीच्या लष्करी नोकरीत बोडेनला होतास. कलाशाळेच्या प्रवेशासाठी तीन चित्रं माझ्याकडे ठेवून गेलास, वेळेत पोस्टात टाक म्हणून. मी टाकली. तुला प्रवेश मिळाला. साडेसातशे अर्जांतून एकोणीस जण घेतले, त्यात तू. आणि तू काय केलंस? शाळेला नकाराची चिठ्ठी पाठवलीस आणि मालवाहू जहाजावर इंजिनात तेल घालायला गेलास. आईने किती विचारलं. तू तोंडात मिठाची गुळणी धरलीस. मग लोकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी सांगितलं जे खरं होतं ते, की अल्वारच्या हातात कला होती, पण चिकाटी नव्हती. आईच्या दफनानंतरच्या कॉफीला मी तेच म्हणाले. त्यात चिडण्यासारखं काय होतं? तू कप ठेवलास, कोट घातलास आणि गेलास. त्याला एकोणीस वर्षं झाली.

मी तुला मदतच केली होती. हे पत्र आलं की निदान एवढं तरी लिही, की मदत केली होती.

हिल्लेवी


हेर्नोसांद, १९ मार्च

अल्वार,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचायच्या आत परत मागता येतं का, म्हणून मी पोस्टात विचारून आले. काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की मी टोपी घालून निघून आले.

काल हेल्मरकडे गेले होते. मायकेनने पाठवलं असं नाही. ती तर माझ्याशी बोलत नाही. मी बस पकडून गेले, शेवटचा मैलभर बर्फातून चालत. वाटेत पाठ केलं होतं काय बोलायचं ते: बादलीबद्दल माझं काही चुकलेलं नाही, पण मंडळासाठी मी कमीपणा घेते. असं.

त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली. "या, मास्तरीणबाई," म्हणाला, जणू मी येणार हे त्याला ठाऊकच होतं. स्वयंपाकघरात भिंतीला ओळीने फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. सत्तावीस लाल शेड, सत्तावीस निळ्या बादल्या, सगळ्या हवेत. अठ्ठाविसावी, माझ्या हाताची, तोंड भिंतीकडे करून उभी होती.

मी पाठ केलेलं बोलले. त्याने ऐकून घेतलं. कॉफी दिली. मग म्हणाला, "तुमचं बरोबरच आहे हो. बादली खाली ठेवली की ती तशीच दिसते. तुम्ही केलीत तशी."

"मग?"

"पण ती खाली ठेवलेली नव्हती." त्याने कप फिरवला. "मला माणसं काढता येत नाहीत. चेहरा काढायला गेलं की बटाटा होतो. स्वेयाचा, बायकोचा, बटाटा करायला माझा हात धजेना. म्हणून मी तिच्या हातातलं तेवढंच काढायचो. रोज संध्याकाळी ती शेडकडून मासे घेऊन यायची, उजव्या हातात बादली. बादली बरोबर जागी ठेवली ना, की ती कुठे आहे ते मला दिसायचं. हात कुठे, खांदा कुठे. ती चालत यायची माझ्याकडे. दर मंगळवारी."

कडी ताठ उभी होती, कारण ती कुणीतरी धरलेली होती. सदतीस वर्षं मी पोरांना बजावत आले, आधी बघा, मग काढा. आणि पाच आठवडे त्या चित्रासमोर बसून मला एक बाई दिसली नाही.

"परत वर उचलून देते," मी म्हणाले. "तासाभराचं काम आहे. कुठे हात लावला होता कळणारसुद्धा नाही."

"नको," हेल्मर म्हणाला. रागावला नव्हता, तेच सगळ्यात वाईट. "तुम्ही आता कशाला हात लावू नका. ती बादली ठेवून कुठेतरी निघून गेल्यासारखं वाटतं मला. दुसरं काढायला घेतलं तरी तेच वाटतं."

बस यायला पाऊण तास होता. मी थांब्यावर उभी राहिले आणि रडले. लिहून टाकते, उगाच गाळत नाही. आणि स्वेयासाठी नाही रडले, मी तिला ओळखतही नव्हते.

आता ऐक. तुझी चित्रं मी नुसती पोस्टात टाकली नव्हती. तुला ते ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तिसऱ्या कुणाला मी कधी कळू दिलं नाही. तीनही मी दुरुस्त केली होती. आईच्या टेबलाची कड सरळ केली, नासपतींना वजन दिलं, खिडकीतला उजेड मी ओतला. दोन दिवस लागले. खूप मजा आली, तेव्हाही. मला वाटलं, माझ्या भावाला मी कलाशाळेत घालतेय. मग शाळेचं पत्र आलं, आणि त्यात त्यांनी नेमकं त्या उजेडाचं कौतुक केलं होतं. चित्रं परत आली, तू आईच्या टेबलावर उघडलीस, खिडकीकडे नेलीस, बघितलीस. मी तिथेच उभी होते. तू एक शब्द बोलला नाहीस. आणि मला वाटलं, किती कृतघ्न आहे हा!

चिकाटी नव्हती असं मी सेहेचाळीस वर्षं लोकांना सांगत आले. नव्हती ती मला. तुझं तुझ्यापाशी राहू द्यायची.

रक्तदाबाचंही खोटं होतं. मी नोव्हेंबरपासून अंथरुणातून उठत नव्हते. आजारी नव्हते, नुसती उठत नव्हते. गेल्या अकरा वर्षांत मी स्वतःसाठी एक चित्र काढलेलं नाही. ब्रश टेकवला की कुणीतरी मागे उभं राहून म्हणतं, कड वाकडी आहे. आणि तो आवाज माझाच आहे, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? ते राखाडी चौकोन मी काढते ना, ते त्यासाठीच. चौकोनात तो काही बोलत नाही.

मला तुझ्याकडून एक ओळ हवी आहे. शिवी असली तरी चालेल.

हिल्लेवी


हेर्नोसांद, ११ एप्रिल

प्रिय अल्वार,

हो, लिहिलं या वेळी. तुझं पत्र आलं.

सहा वेळा वाचलं आणि सहाही वेळा त्याच जागी थांबले. तू लिहिलंयस, पहिली तीन पत्रं वाचून स्टोव्हमध्ये टाकली, चौथं ठेवलं. बरोबर केलंस. मी असते तर पाकीटही उघडलं नसतं.

पण पुढचं! "मी चित्रं सोडली हे तुला कुणी सांगितलं? जहाजावर प्रत्येक खोलीत हात धुवायचं भांडं असतं. पहारा संपला की मी रोज एक काढायचो. जाड कागद, पाण्याचे रंग. काढायचं, वाळेपर्यंत बघायचं, मग नळाखाली धरायचं. दुसऱ्या दिवशी तोच कागद. एक कागद महिनाभर टिकतो. आता घरीही तसंच. दाखवायला माझ्याकडे काही नाही, हिल्लेवी."

मला राग आला, सांगून टाकते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं काम गटारात! हा काय वेडेपणा, मी भिंतीशी मोठ्याने भांडले. शेजारणीने दार वाजवलं, बरी आहेस ना म्हणून. मग शेवटच्या ओळी वाचल्या. "सुरुवातीला मी धुवायचो ते कुणी हात लावू नये म्हणून. कुणी म्हणजे कोण ते तुला माहीत आहे. मग कधीतरी, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या वर्षी, धुताना तुझी आठवण येईनाशी झाली. नुसतं बरं वाटायला लागलं."

तुझी आठवण येईनाशी झाली. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एक चित्रकार मारला. आणि तू तिकडे मजेत! मी तुझ्या आयुष्यातली एवढी मोठी खलनायिका, आणि चौथ्या वर्षी मला नळाखाली धुऊन काढलंस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला खूप लागलं. आणि मग, दुपारी बटाटे सोलता सोलता, मला हसू आलं. पाद्रीबाबांच्या नकलेवर यायचं ना, तसलं. सुरी खाली ठेवावी लागली.

इथलं सांगते. मंडळ वाचलं. मी मायकेनला म्हणाले, सही करून मी बाहेरच्या बोळात बसते, कोट टांगायच्या बाकावर. हेल्मरने आत बसावं. दोन मंगळवार मी त्या बाकावर बसून काढले, बुटांच्या वासात. तिसऱ्या मंगळवारी हेल्मर कॉफी घेऊन बाहेर आला. दाढी केलेली. "आत चला," म्हणाला. "तुम्ही दाराआडून जो श्वास सोडता ना, तो सगळा शेराच असतो. त्यापेक्षा समोर बसलेल्या बऱ्या." तुला सांगते, आयुष्यात माझी इतकी अचूक पारख कुणी केली नव्हती.

त्याने नवी फळी घेतली आहे. शेड पुन्हा वाकडी, समुद्र पुन्हा भिंतीसारखा उभा. बादलीची जागा मात्र अजून रिकामी आहे. तिथे ब्रश नेतो आणि थांबतो. मायकेन म्हणते, येईल तिची ती. मी काही म्हणत नाही. गेल्या मंगळवारी त्याने ती रिकामी जागा तशीच खिडकीत लावली. मी धन्यवाद म्हणाले. मायकेनने मला न विचारता कॉफीत दूध घातलं.

अल्वार, मी तुझ्याकडे येऊ का? चित्र बघायला नाही. तसं वाटलं असेल तर तो शब्द परत घेते. नाही म्हणालास तर हे विचारलंच नव्हतं असं समजेन, आणि दर महिन्याला कांद्यांची बातमी लिहीत जाईन.

तुझी,
हिल्लेवी


हेर्नोसांद, ५ जून

प्रिय अल्वार,

तुझं कार्ड मिळालं. नॉर्वेच्या टपालखात्याला इतकं भिकार छापील चित्र कुठे सापडतं कळत नाही. मागच्या चार ओळी मात्र चांगल्या आहेत.

हो. जुलैच्या आठ तारखेची गाडी घेते, स्टॉकहोम, मग ओस्लो, मग बेर्गन. स्टेशनवर येऊ नकोस, मी शोधत येईन. तुमच्या तिकडच्या कॉफीवर माझा विश्वास नाही, माझी घेऊन येते. आणि मला उशाला दोन उशा लागतात.

हेल्मरची बादली अजून आलेली नाही. येईल की नाही ते मला माहीत नाही. पण तो येतो. मायकेनने सप्टेंबरसाठी तीन नावं लिहून टाकली आहेत, मला न विचारता.

परवा मी तू सांगितलंस तसं करून बघितलं. जाड कागद, पाण्याचे रंग. आईच्या अंगणातलं काटेरी बोरांचं झुडूप काढलं, पिकलेल्या लाल बोरांसकट. वाईट होतं. डावीकडे झुकलेलं. मागचा आवाज बोलायला लागला तेव्हा मी कागद उचलून नळाखाली धरला, आणि लाल पाणी पांढऱ्या भांड्यातून वाहून जाईपर्यंत बघत उभी राहिले. आवाजाला काही सुचेना. नावं ठेवायला समोर काही उरलंच नव्हतं ना! काल पुन्हा काढलं. तेही झुकलं. काल मी जेवायचं विसरले.

तुझी अट मान्य आहे. टेबलाच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, आणि तुझं धुऊन होईपर्यंत मी बघायचं नाही. मला ओळखतोस, त्यामुळे तुझा विश्वास बसणार नाही. माझाही फारसा नाही. म्हणून मी खुर्ची उलटी करून, खिडकीकडे तोंड करून बसेन. तू उठशील, भांड्याशी जाशील, पाणी सोडशील. सोड हवं तेवढं. नळ बंद झाल्याचा आवाज आला, की मगच मी मान वळवीन.

हिल्लेवी